'फ्रँटिकली'ला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरची एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. इंग्रजी उताऱ्यात तिला वाक्य भेटलं : पुराचं पाणी चढत असताना एक आई आपल्या मुलाला 'फ्रँटिकली' शोधत होती. कोशात अर्थ मिळाला 'वेड्यासारखे, उन्मत्तपणे'. ती विचारते, आई उन्मत्तपणे कशी शोधेल?

पोरी, तुझी शंका अगदी रास्त आहे. 'उन्मत्त' म्हटलं की मराठी कानाला माज ऐकू येतो. हत्ती उन्मत्त होतो, सत्ता हाती आलेला माणूस उन्मत्त होतो. 'फ्रँटिकली'त माजाचा लवलेश नाही. तिथे भीती आहे, वेळ निसटत चालल्याची जाणीव आहे आणि त्या दोहोंपायी सुटलेला मनाचा ताबा आहे.

कोशात 'वेड्यासारखे' आलं त्याला मात्र कारण आहे. ग्रीक भाषेत 'फ्रेन' म्हणजे मन. त्यावरून 'फ्रेनायटिस' हे दुखण्याचं नाव पडलं : ताप डोक्यात जाऊन माणूस बरळू लागतो ते. आपली जुनी माणसं 'तापात वात झाला' म्हणतात, तशातलं. लॅटिन आणि जुनी फ्रेंच करत हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा 'फ्रँटिक' म्हणजे खरोखरच वेडा असा अर्थ होता. पुढे वेडाचा अर्थ मागे पडला, जिवाची तगमग उरली. 'फ्रेनेटिक' आणि 'फ्रेन्झी' ही त्याच घरातली भावंडं. 'हेक्टिक'सुद्धा मुळात तापाचाच शब्द, क्षयरोग्याच्या अंगात मुरलेल्या तापाचा. पण आज त्यात नुसती दगदग आहे, घबराट नाही.

म्हणून 'घाईघाईने' हा अर्थ इथे तोकडा पडतो. आमच्या बेळगाव भागात घाईला 'गडबड' म्हणतात. 'गडबड करू नको, सावकाश जेव' हे घरोघरी ऐकू येतं. कन्नडमध्येही 'गडिबिडि' म्हणजे घाईच, आणि आपल्या 'लगबग'ला तिथे 'लगुबगे' आहे. बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीत सणाच्या आदल्या दिवशी दिसते ती लगबग. तिला 'फ्रँटिकली' लावू नये, कारण तिच्यात उत्साह आहे. 'तारांबळ' थोडी जवळ येते. मंगलाष्टकातल्या 'ताराबलं चंद्रबलं तदेव'वरून हा शब्द आल्याचं सांगतात : ते शब्द कानावर पडले की मुहूर्त गाठायला मांडवात एकच धांदल उडते. पण तारांबळीत जिवाची भीती नसते.

2019 च्या ऑगस्टमधला पूर आठव. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. अशा वेळी गोठ्यातली जनावरं सोडायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची, अंधारात घरच्यांना हाका मारायच्या, हे सगळं माणूस ज्या रीतीने करतो, ती रीत म्हणजे 'फ्रँटिकली'.

मराठीत त्यासाठी 'जिवाच्या आकांताने' आहे, 'कासावीस होऊन' आहे, 'घायकुतीला येऊन' आहे. शोधण्यापुरतं 'जंग जंग पछाडलं' चालेल, मात्र त्यात चिकाटी जास्त आणि घबराट कमी. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इंग्रजी जे क्रियाविशेषणाने साधते, ते मराठी पुष्कळदा शब्द दुणावून साधते : शोधाशोध, पळापळ, धावाधाव. 'एकच पळापळ झाली' यात घाई आली, भीती आली, गोंधळही आला. वेगळं क्रियाविशेषण कशाला हवं? भाषांतर करताना दर वेळी 'ने' किंवा 'पणे' लावलेला शब्द हुडकत बसू नकोस.

'फ्रँटिकली बिझी' असंही तुला वाचायला मिळेल. तिथे शब्द सैल झालेला आहे. 'श्वास घ्यायला फुरसत नाही' एवढाच अर्थ घे. परीक्षेपुरतं सांगायचं तर स्पेलिंगमध्ये 'फ्रँटिक'पुढे 'ए-एल-एल-वाय' ही चारही अक्षरं लिही, पण उच्चारताना 'कॅली' म्हणू नकोस, 'कली' म्हण.

आणि तुझं ते वाक्य मी असं करीन : पाणी चढत होतं आणि आई जिवाच्या आकांतानं पोराला शोधत फिरत होती.