यंत्र-भाषांतरामुळे गेमच्या कथेचा एवढा विचका का होतो, आणि असा गेम खेळताना कथा समजून घ्यावी कशी?

तुम्ही लिहिले आहे की, तुम्ही विकत घेतलेल्या जपानी रोल-प्लेइंग गेमची इंग्रजी आवृत्ती उघडउघड यंत्राने केलेली आहे, एकाच पात्राला तीन नावे आहेत, मेलेली माणसे पुढच्या प्रसंगात गप्पा मारतात आणि कथेचा काही केल्या पत्ता लागत नाही. हे का होते आणि आता काय करावे, हा तुमचा प्रश्न. त्याखाली तुम्ही जोडलेले ‘भाषांतरकारांनी निदान एकदा तपासायला काय हरकत होती?’ हे वाक्य नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते. मी जपानीतून भाषांतर करते आणि तुमच्या नव्हे, पण अगदी तशाच एका गेमच्या ‘तपासणी’चे काम मी केलेले आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण हा विषय निघाला की कोणीतरी ‘ऑल युवर बेस आर बिलाँग टू अस’ हे वाक्य पुढे करतेच. ते यंत्राचे पाप नव्हे. टोआप्लान कंपनीच्या १९८९ च्या ‘झिरो विंग’ या गेमची मेगा ड्राइव्ह या सेगा कंपनीच्या गेम-यंत्रावर जी युरोपीय आवृत्ती निघाली, तिच्या सुरुवातीच्या दृश्यात ते येते आणि ते माणसाने केलेले, इंग्रजी कच्चे असलेल्या माणसाचे काम आहे. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’मधले ‘धिस गाय आर सिक’ हेही तसेच. माणसाची चूक व्याकरणात असते, पण काय सांगायचे आहे ते माणसाला ठाऊक असते. म्हणून ‘तुमचे सगळे तळ आमच्या ताब्यात आले’ हा अर्थ त्या मोडक्या वाक्यातूनही आपल्यापर्यंत पोहोचतो. यंत्राचे नेमके उलट आहे. गूगलने २०१६ च्या अखेरीस आपल्या भाषांतरात न्यूरल पद्धत, म्हणजे असंख्य नमुन्यांवरून यंत्राने स्वतः शिकण्याची पद्धत, आणली आणि इतरांनीही तीच वाट धरली, तेव्हापासून वाक्ये गुळगुळीत झाली. आता व्याकरण बिनचूक असते आणि मजकूर भलताच. क्लाइड मँडेलिन या अमेरिकी भाषांतरकाराने ‘फायनल फँटसी फोर’ची सबंध जपानी संहिता गूगल ट्रान्सलेटमधून काढून ती पुन्हा खेळता येईल अशी बसवली होती. तो प्रयोग गमतीसाठी होता आणि तसे सांगूनच केलेला होता. तुम्हाला जे विकले गेले, त्याबाबत तसे कोणी सांगितलेले दिसत नाही.

आता मी केलेल्या कामाबद्दल. तो एका लहानशा चमूने बनवलेला जपानी गेम होता. कथा साधी, पण हुशारीने रचलेली होती. राजाचा खून झालेला आहे, नायिका किल्ल्यात हिंडते आणि तिला ठिकठिकाणी रोजनिशीची सुटी पाने सापडतात. प्रत्येक पानावर त्या रात्रीचा उल्लेख आहे, मात्र राजाला कोणी मारले ते एकाही पानावर लिहिलेले नाही. जपानीत कर्ता गाळता येतो आणि क्रियापदावरूनही तो कळत नाही, त्यामुळे लेखकाने सगळे रहस्य त्या गाळलेल्या कर्त्यावर उभे केले होते. मराठीतही हे सहज साधते. ‘त्या रात्री राजाला ठार केले’ असे म्हटले की मारणारा बाई की बुवा, एक की अनेक, काहीच कळत नाही. इंग्रजीला मात्र कर्ता लागतो. जाणता भाषांतरकार तिथे कर्मणी रचना वापरून गुपित राखतो. यंत्राला गुपित आहे हेच ठाऊक नव्हते. त्याने पहिल्या पानावर ‘मी राजाला मारले’ असे लिहिले, दुसऱ्यावर ‘त्याने’, तिसऱ्यावर ‘आम्ही’, आणि चौथ्यावर ‘तुम्ही’ लिहून तो खून थेट खेळणाऱ्याच्याच गळ्यात मारला.

असे का झाले, हे त्या कामाच्या एक्सेल शीटकडे पाहिले की लगेच कळते. गेममधला प्रत्येक संवाद ही एक सुटी स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा वेगळा साठवलेला तुकडा, असते आणि त्या स्ट्रिंगा त्यांच्या सांकेतिक नावांच्या अक्षरक्रमाने लावलेल्या होत्या. राजाचे अखेरचे बोलणे आणि दुकानातली ‘साठा संपला’ ही सूचना शेजारी शेजारी; कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, आधी काय घडले आहे, यासाठी रकानाच नाही. यंत्राने एकेक ओळ वेगळी घेतली आणि प्रत्येक वेळी सर्वांत संभाव्य वाटणारा कर्ता बसवला. तुमच्या गेममधले एक पात्र तीन नावांनी वावरते त्याचेही कारण बहुधा हेच असावे, कारण नावांची सामाईक यादी कोणी यंत्राला दिलेलीच नसते. माझ्या शीटमध्ये नायिकेच्या धाकट्या बहिणीचे नाव हिकारी होते. हिकारी म्हणजे प्रकाश, आणि ‘नाहीसे होणे’ व ‘विझणे’ या दोन्हींना जपानीत एकच क्रियापद आहे. परिणामी ‘हिकारी नाहीशी झाली’ याचे ‘दिवा विझला’ झाले, आणि पुढच्या ओळीत गावकरी त्या दिव्याला शोधायला, त्याचे नाव घेऊन हाका मारत, जंगलात निघाले.

दिव्याचा घोळ मी निस्तरला. रोजनिशीचा निस्तरू शकले नाही, आणि ज्या समन्वयकाने ते काम दिले होते त्याच्याशी माझा वाद झाला तो यावरूनच. ज्या वाक्यांना प्रणालीने स्वतःहून वरचे गुण दिले होते, ती कुलूपबंद केलेली होती. तपासणाऱ्याने त्यांत हात घालायचा नाही, असा नियम होता. गुण मिळत होते ते वाक्याच्या सफाईला. आता ‘मी राजाला मारले’ या वाक्यात सफाईची उणीव काढणार कशी? म्हणजे जे वाचून कोणीही हसले असते तेवढे मला दुरुस्त करता येत होते आणि ज्याने कथेचा जीव जात होता त्याला हात लावायला मनाई होती. मी प्रसंगांचा क्रम मागितला, पडद्याची चित्रे मागितली, गेमची एक प्रत तरी द्या म्हटले. उत्तर आले की, तुम्हाला वाक्ये सुधारायची आहेत, कथा नव्हे. मी पुन्हा लिहिले तेव्हा त्याने ठेवणीतले कारण काढले: खेळणारे संवाद वाचतच नाहीत, बटण दाबून पुढे जातात. दर नेहमीच्या भाषांतराच्या निम्म्याहूनही कमी होता, हेही इथे नोंदवून ठेवते. गेम बाजारात आला. क्रेडिट्समध्ये ‘भाषा तपासणी’ या पदाखाली माझे नाव होते, भाषांतरकार असे पदच नव्हते, आणि रिव्ह्यूंमध्ये लोकांनी लिहिले की, खुनी पहिल्याच तासात कळतो, कथा फुसकी आहे. काहींनी भाषांतरकाराला नावे ठेवली. संवाद न वाचणाऱ्यांना हे सगळे कसे काय कळले, हे मला त्या समन्वयकाला विचारायचे होते, पण तोवर त्याने पत्रोत्तर देणे बंद केले होते.

तेव्हा ‘एकदा तपासायला काय हरकत होती’ याचे माझे उत्तर असे आहे की, यंत्राचे काम वरवर तपासून कथेचा जीव वाचत नाही. कथा मुळातून वाचून, मूळ मजकूर शेजारी ठेवून, हव्या त्या ओळी पुन्हा लिहिण्याची मुभा असेल तरच ती तगते, आणि तेवढे करायचे म्हणजे ते भाषांतरच झाले. त्याचे पैसे भाषांतराचेच द्यावे लागतात. ‘नुसती नजर फिरवा’ असे जो म्हणतो, त्याला जबाबदारी टाकायला एक नाव हवे असते.

इंग्रजीवरून पुढच्या भाषा काढल्या की हा घोटाळा दुप्पट होतो. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे मराठीत दासी राणीला ‘तू’ म्हणते आणि राणी तिला ‘आपण’; नायिका ‘मी येतो’ म्हणत निम्मा गेम काढते. एका मोबाइल गेमच्या मराठी आवृत्तीत, जिथे पात्र निवडायचे असते तिथे, ‘आपले चारित्र्य निवडा’ असे मी स्वतः वाचलेले आहे. पर्याय चार होते.

हे सगळे लिहिले तरी यंत्र-भाषांतर सरसकट टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. सेटिंगची पाने, अपडेटच्या सूचना, वस्तूंच्या याद्या यांना ते पुरते. जो गेम तुमच्या भाषेत कधीच येणार नाही, तो एखाद्याने स्वतःपुरता यंत्राच्या मदतीने वाचला तर त्यात काही गैर नाही. अलीकडच्या मोठ्या भाषा-प्रारूपांना (चॅटजीपीटीसारख्या प्रणालींमागे असतात त्यांना) सबंध प्रसंग, पात्रांची यादी आणि कोण कोणाशी बोलतो ते दिले, तर कर्ता बऱ्याचदा बरोबर येतो. पण ते सगळे देण्याचे कष्ट कोणीतरी घ्यावे लागतात, आणि यंत्र वापरले जाते ते बहुतेकदा नेमके तेच कष्ट वाचवण्यासाठी.

आता तुमच्यापुरते. गेममध्ये जपानी आवाज असतील तर ते चालू ठेवा. ओळीचा अर्थ कळला नाही तरी राग, थट्टा, रडणे कळते आणि निम्मे प्रसंग त्यावरून लागतात. भाषांच्या यादीत तुम्हाला येणारी दुसरी एखादी भाषा असेल तर तिचे भाषांतर माणसाने केलेले आहे का, ते क्रेडिट्समध्ये पाहा. गेमच्या चाहत्यांनी काढलेला भाषांतराचा पॅच, म्हणजे गेममधला मजकूर बदलणारी जोड-फाइल, आहे का, तेही शोधा. ‘मी’, ‘तो’, ‘ती’ यांवर अजिबात विश्वास ठेवू नका. क्रियापद तेवढे घ्या आणि कर्ता स्वतः शोधा. गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतला असेल, खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळणे २ तासांच्या आत असेल, तर सरळ पैसे परत मागा.

आणि रिव्ह्यू लिहाल तेव्हा ‘भाषांतरकार वाईट आहे’ असे लिहू नका. आधी क्रेडिट्स उघडा. तिथे भाषांतरकाराचे नाव नसेल तर तेवढेच लिहा आणि खाली बिघडलेल्या दोनतीन ओळी प्रसंगासकट द्या. त्या मी समन्वयकाला दिल्या तर पत्रात पडून राहतात. गिऱ्हाइकाने जाहीरपणे दिल्या तर डेव्हलपरला वाचाव्या लागतात.