आईला उचलते म्हणून माझा ‘पगार’ बंद होईल का?

संजय गांधी निराधार अनुदानाला गावाकडे सरसकट ‘पगार’ म्हणतात. हा पगार घेणाऱ्या दिव्यांग माणसावर घरातल्या आजारी माणसाची जबाबदारी येऊन पडली, की काही दिवसांनी एक भीती डोकं वर काढते. वेगवेगळ्या घरांतून मी ती जवळजवळ त्याच शब्दांत ऐकत आले आहे: “मी अपंग म्हणून मला पैसे मिळतात. आता मीच दुसऱ्याचं सगळं करते. कुणी तक्रार केली, की ही तर धडधाकट आहे, तर काय?”

पुढची हकिकत तीन-चार जणींच्या अनुभवांतून, ओळख पुसून, एकत्र केलेली आहे.

ती 38 वर्षांची. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला आधार देणारा कॅलिपर, चालायला कुबडी. प्रमाणपत्र 62 टक्क्यांचं आणि कायमस्वरूपी. घरी ब्लाउज शिवते. आठ महिन्यांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. भाऊ नोकरीसाठी शहरात, वहिनी-मुलांसह.

माझ्याकडे ती झोप लागत नाही म्हणून आली होती. पगाराचा विषय निघाला तिसऱ्या भेटीत. शेजारच्या काकू सहज बोलून गेल्या होत्या, “आईला उचलतेस की गं एकटी! तलाठ्यानं बघितलं तर नाव काढतील तुझं.” त्या दिवसापासून ती दार लावून आईची कूस बदलत होती. चाकाची खुर्ची घडी करून कपाटामागे ठेवली होती. आईची पासष्टी उलटलेली, तरी निराधार वृद्धांना अनुदान देणाऱ्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज केला नव्हता. “एका घरातून दोन पगार मागितले की चौकशी लागते,” असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पुढच्या भेटीला मी तिला प्रमाणपत्र घेऊन बोलावलं.

“मोठ्यानं वाचा, ताई.”

तिनं वाचलं. पोलिओ, उजवा पाय, 62 टक्के, कायमस्वरूपी.

“तुम्ही कुणाचं काही करायचं नाही, असं यात कुठं लिहिलंय?”

तिनं कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. “नाही लिहिलं.”

“मग काय लिहिलंय?”

“पायाचं लिहिलंय.”

“आई आजारी पडल्यापासून पाय बदलला का?”

“कुठला बदलतोय, मॅडम! जास्तच दुखतो.” बोलता बोलता ती थांबली. बराच वेळ गेला. मी मुद्दामच मध्ये काही बोलले नाही. मग कागदाकडे बघतच ती म्हणाली, “म्हणजे पगार पायाला आहे. माझ्या बसून राहण्याला नाही.”

हे वाक्य मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. पण माझं दिलेलं वाक्य घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकतं आणि काकू पुन्हा बोलल्या की गळून पडतं. माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढी त्या घटनेवर मनानं चिकटवलेली समजूत छळते, असं मी मानते, आणि ती समजूत ज्याची त्यानंच उचकटावी लागते. तिनं स्वतः कागद उलटसुलट करून शोधलं, म्हणून ते वाक्य तिचं झालं. त्या आठवड्यात ती सलग पाच तास झोपली.

आता ज्यांना हाच प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी नेमकेपणानं सांगते.

दिव्यांगत्वाची टक्केवारी सरकारी रुग्णालयातले डॉक्टर शरीर तपासून ठरवतात. सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, पायाच्या लांबीतला फरक हे तिथं मोजलं जातं. घरी तुम्ही कुणाला जेवू घालता, याचा त्या मोजणीशी संबंध नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘काळजीवाहक’ या शब्दाची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारं कुणीही, आईवडील आणि घरचे धरून, तिच्यात बसतं. काळजीवाहक स्वतः दिव्यांग नसावा, अशी अट तिथं नाही.

पगार थांबतो तो वेगळ्याच कारणांनी. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, आधारवर एक नाव आणि दिव्यांग कार्डावर दुसरं, प्रमाणपत्र तात्पुरतं होतं आणि त्याची मुदत संपली, किंवा उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा वर्षाला 50,000 रुपये आहे, इतर निराधारांसाठी 21,000. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांचं अनुदान महिना 2,500 रुपये झालं आहे. आजारपणाच्या धावपळीत नेमके हेच कागद मागे पडतात. तिचाही हयातीचा दाखला राहिला होता. काकूंच्या बोलण्यानं तिची झोप उडाली, आणि खरोखर पगार अडकवू शकणारा कागद ट्रंकेत पडून होता.

आईचा अर्ज आईच्या नावानं, तिच्या वयावर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर होतो. लेकीचं दिव्यांगत्व त्यानं तपासणीला लागत नाही. एकाच घरातल्या दोघींचं उत्पन्न कसं धरणार, हे मात्र तहसीलच्या संजय गांधी शाखेत दोघींची नावं सांगून आधीच विचारावं. अर्ज दिला की प्रतीवर पोच घ्यावी. अनुदान थांबलंच तर कारण लेखी मागावं. तोंडी उत्तरावर घरी परतू नये. शिवणकामाचे पैसे वाढले असतील तर तेही लपवू नयेत. लपवलेल्या उत्पन्नाची भीती ही खरी भीती असते आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही.

एका बाबतीत मात्र काळजी घेण्याचा विषय तपासणीत येऊ शकतो. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व मोजताना स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद-समज आणि काम अशा चार गोष्टी डॉक्टर विचारतात. तिथं “मी वडिलांना सांभाळतो” एवढंच एक वाक्य सांगितलं तर चित्र अर्धवट राहतं. महिन्यातले किती दिवस जमतं, वाईट दिवसांत वडिलांकडे कोण बघतं, औषधाच्या वेळा कोण लक्षात ठेवतं, कितीदा स्वयंपाक अर्धा टाकून झोपावं लागतं, हे सगळं सांगावं. जमलं तर महिनाभर वहीत नोंद करून ती वही सोबत न्यावी. यात फुगवायचं काही नसतं, आणि स्वाभिमानापोटी गाळायचंही नसतं.

नोकरी करणाऱ्या दिव्यांगांना आणखी एक शंका असते. 1961 च्या आयकर कायद्यात, म्हणजे मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नासाठी, कलम 80 यू ची वजावट स्वतःच्या दिव्यांगत्वासाठी आहे आणि 80 डीडी ची अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी. दोन्ही 40 टक्क्यांपासून 75,000 रुपये आणि 80 टक्क्यांपासून 1,25,000. एकच माणूस स्वतःसाठी पहिली आणि आईसाठी दुसरी घेऊ शकतो. आईनं स्वतःसाठी 80 यू घेतलेली नसावी आणि करप्रणाली जुनी निवडलेली असावी, एवढं पाहावं.

पगाराची भीती ओसरली, तरी तिच्या खांद्यांवरचा ताण मला दिसत होता. पाचव्या भेटीत मी विचारलं, “भाऊ कधी येतो?”

“त्याला कसं बोलवू? तो म्हणतो, तुला पगार आहे, तू घरीच असतेस.”

म्हणजे काकूंना जे वाटत होतं तेच भावालाही वाटत होतं आणि खोलवर तिलाही: पगार घेते, तर तक्रार करायचा हक्क नाही. सरकारकडून मदत घेताना दुबळं दिसायचं आणि घरात कधीच थकायचं नाही, अशा दोन भूमिका ती एकाच दिवसात वठवत होती. मी तिला भावाला फोनवर सांगायला एकच वाक्य तयार करायला लावलं. चार मसुदे झाले. शेवटचा असा होता: “पगार माझ्या पायासाठी आहे, आई आपल्या दोघांची आहे, महिन्यातले दोन शनिवार-रविवार तू ये.” भाऊ आधी चिडला. पुढच्या महिन्यात एकदा आला. अजून तरी एकदाच येतो.

शरीराचंही बघावं लागलं, कारण कुबडीवर चालणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. ते गेले तर तिचं चालणंच थांबलं असतं. फिजिओथेरपिस्टनं तिला घरी येऊन शिकवलं: आईला उचलायचं नाही, सरकवायचं. पाठीखाली दुमडलेली चादर घालून कूस बदलायची, दर दोन तासांनी. पलंग आणि खुर्ची एका उंचीवर, खुर्ची आईच्या चांगल्या म्हणजे डाव्या बाजूला, ब्रेक लावून. आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा. लुळा हात कधी ओढायचा नाही, तो खांद्यातून निसटतो. आईनं गळ्यात हात टाकायचे नाहीत. स्वतः उभं राहून करायचं काम असेल तर कॅलिपरचं गुडघ्याचं कुलूप आधी लावायचं. शक्य ते सगळं काठाशी बसून.

आईचं दिव्यांग प्रमाणपत्र अजून व्हायचंय. प्रकृती स्थिरावल्यावर तपासणी होईल. श्रावणबाळचा अर्ज मात्र भरला. त्या दिवशी तिचा फोन आला, आणि आवाजात पहिल्या भेटीतली दबकी कुजबूज नव्हती.

“मॅडम, आईचा उजवा अंगठा मशीन घेत नाही. डावा चालेल का?”

आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, त्यामुळे डावा चालतो. तोही झिजलेला असेल तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते. केंद्रावर तसं यंत्र आहे का, ते आईला रिक्षात बसवण्याआधी विचारून घ्या, असं मी तिला सांगितलं.