बीएएमएसनंतर एमपीएच करावं का? पुढे नेमकं काम काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहात, स्वतःचा दवाखाना टाकण्यात मन नाही आणि एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करावीशी वाटतेय. घरचे मात्र म्हणतात, "एवढं डॉक्टर होऊन शेवटी कागदच भरत बसणार का?" मी बीडीएसनंतर एमपीएच केलं. आता जिल्हा पातळीवर लसीकरण आणि साथरोग सर्वेक्षणाचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते.

आधी घरच्यांच्या प्रश्नाकडे येते. कागदांशी रोजचा संबंध येतो, हे खरंच आहे. पण त्या कागदांमागे काय असतं ते एका उदाहरणाने कळेल.

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. त्या परततात मार्च-एप्रिलात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर आणि पोरं बरोबर. आता ऑक्टोबरात जन्मलेलं एक बाळ घ्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे पेंटाव्हॅलंटचे (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे) डोस नेमके ते ऊसतोडीच्या तळावर असतानाच येतात. गावच्या एएनएमच्या (उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या) रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या यादीत ते बाळ चढतच नाही. मग दोन्हीकडच्या अहवालांत लसीकरणाचे टक्के छान दिसतात, कारण दोन्हीकडच्या छेदात ते बाळ मोजलेलंच नसतं. पुढे तळावर घटसर्प निघाला की सगळे विचारतात, लसीकरण तर नव्वदच्या वर होतं ना?

हे बाळ शोधणं, ही आपली नोकरी. त्यासाठी कारखान्याच्या शेती विभागाकडून टोळ्यांची यादी मिळवावी लागते आणि मुकादमांचे फोन नंबर लागतात. ज्या तालुक्यातून लोक आले तिथल्या आशाताईंशी बोलून बाळंतिणींची नावं घ्यावी लागतात. सत्र कधी ठेवायचं, हाही अभ्यासाचा विषय आहे. सकाळी दहाला व्हॅक्सिन कॅरियर घेऊन तळावर गेलात तर कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, म्हाताऱ्या आणि पोरंच भेटतात, आया पहाटेच फडात गेलेल्या असतात. सत्र संध्याकाळी हवं. तेवढ्यासाठी एएनएमची ड्युटी, गाडी आणि तिचं परतणं हे सगळं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून बसवावं लागतं. वरवर पाहिलं तर हे व्यवस्थापन आहे, पण त्याच्या तळाशी साथरोगशास्त्र आहे.

दवाखान्यात डॉक्टर समोर आलेल्या रुग्णाकडे बघतो. आपल्या कामात जो आलाच नाही, त्याचा विचार आधी करायचा असतो. तुम्हाला हा विचार मनापासून भावतो का, ते तपासा. भावत असेल तर एमपीएच करा. नुसता दवाखाना नको म्हणून येत असाल तर दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न पडेल.

अभ्यासक्रमात साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य धोरण, आरोग्य अर्थशास्त्र, थोडं समाजशास्त्र आणि शेवटी प्रबंध असतो. आपल्यासारख्यांची गाडी सांख्यिकीपाशी अडते. बारावीनंतर गणिताशी संबंध तुटलेला असतो, त्यामुळे धास्ती वाटते. पण लागणारं गणित अवघड नाही, विचार करण्याची सवय मात्र नवी लागते. एखाद्या जिल्ह्यात यंदा क्षयरुग्णांची संख्या वाढली, तर आजार वाढला की शोध वाढला? क्षयरुग्णांची नोंद होते त्या निक्षय पोर्टलवरचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. किती थुंकी तपासल्या, खासगी डॉक्टर नोंद करायला लागले का, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ही सवय लागली की वर्तमानपत्रातली आरोग्याची प्रत्येक बातमी वेगळी वाचली जाते. 'आर' हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आत्तापासून हाताळायला लागा. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर नकाशा काढता आला तर फारच उपयोग होतो.

या विषयाची मुळं आपल्याकडे खोल आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये शास्त्रज्ञ हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. १९७० मध्ये डॉक्टर आरोळे दांपत्याने जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. पण विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी वाचायला सांगते तो गडचिरोलीचा नवजात बालकांवरचा अभ्यास. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन घेणं, त्याला उबेत ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणं, हे सगळं त्यांनी केलं. ३९ गावांत हे काम चाललं आणि तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी निघाला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. आज देशभर आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे हे काम आहे. तुलनेची गावं ठेवली नसती, जन्म-मृत्यूची प्रत्येक नोंद घेतली नसती, तर चांगलं काम म्हणून कौतुक झालं असतं, पण ते देशाचं धोरण झालं नसतं. घरच्यांना कागदांचं मोल सांगायचं असेल तर हे सांगा.

आता नोकऱ्यांबद्दल. तुमच्यासाठी सर्वांत जवळची वाट राष्ट्रीय आरोग्य अभियानाची. जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोगतज्ज्ञ, गुणवत्ता समन्वयक, शहरी आरोग्याचे समन्वयक अशा पदांच्या जाहिरातींत बऱ्याचदा 'कोणतीही वैद्यकीय पदवी आणि एमपीएच, एमएचए (रुग्णालय प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) किंवा आरोग्यातील एमबीए' अशी अर्हता असते. प्रवेश घेण्याआधी अशा पाच-सहा जाहिराती काढून अर्हता आणि मानधनाचे रकाने नीट वाचा, म्हणजे कल्पना स्पष्ट होईल. साथरोगतज्ज्ञाचं काम कसं असतं ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत पाहिलं. सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. प्रत्येक रुग्णाचं वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, पाणी कुठलं प्यायले, याची यादी करून ती नकाशावर मांडली गेली. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून पसरू शकणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू मिळाला आणि पाण्याकडे लक्ष वळलं.

हे सांगताना दुसरी बाजू लपवणार नाही. या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी आहेत. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुका, दरवेळी नवा आदेश, आणि कायम करण्याच्या मागणीसाठी होणारे संप. हे अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या भरवशावर लसीकरण आणि क्षयरोगाचे कार्यक्रम चालतात त्यांना वर्षभराचीही शाश्वती नसावी, याने माणसं टिकत नाहीत आणि शिकलेलं वाया जातं. घराचं कर्ज डोक्यावर असेल तर हा हिशेब आधी मांडा. शिवाय जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या खुर्चीपर्यंत एमपीएच नेत नाही, आणि सामुदायिक वैद्यकशास्त्रातल्या (कम्युनिटी मेडिसिन) एमडीसाठी एमबीबीएसच लागतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

दुसरी वाट संशोधनाची. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थांमध्ये, केईएम रुग्णालयाच्या पुण्यातल्या संशोधन केंद्राच्या वढू प्रकल्पासारख्या ठिकाणी आणि विद्यापीठांत प्रकल्पांवर माणसं लागतात. लिहिण्याची आणि आकड्यांची गोडी असेल तर इथे रमाल, पुढे पीएचडीही होते. स्वयंसेवी संस्था, आरोग्य विमा आणि रुग्णालयांची गुणवत्ता ही क्षेत्रंही आहेत. विम्यात पगार बरा असतो, पण गावाशी संबंध उरत नाही.

कॉलेज निवडताना नावापेक्षा फील्डवर्क बघा. विद्यार्थी किती आठवडे गावात किंवा वस्तीत राहतो, प्रबंधासाठी स्वतः माहिती गोळा करतो की तयार आकड्यांवर भागवतो, हे माजी विद्यार्थ्यांना विचारा. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, आणि बाहेर जायची तयारी असेल तर तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन केंद्र किंवा चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, ही नावं मी आधी घेईन. फक्त लोकसंख्येच्या आकड्यांत रस असेल तर देवनारची आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था) बघा, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिथूनच चालतं. सगळं ऑनलाइन आणि फील्डवर्क शून्य असा एमपीएच मात्र घेऊ नका.

बीएएमएसवाल्यांना आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी जण विचारात घेतात. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर काम करता येतं. वर्ष-दोन वर्षं तिथे काढून मग एमपीएचला आलात, तर वर्गात शिकवलेलं प्रत्येक सूत्र कुठल्या तरी घराशी जोडलं जाईल. माझ्या वर्गात जे असे आले होते, त्यांचे प्रबंध सर्वांत चांगले झाले.

तोवर इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची पोस्टिंग येईल, ती सही करून उरकू नका. लसीकरणाच्या दिवशी एएनएमजवळ बसून ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, बघा. त्यातली जी बाळं आली नाहीत त्यांच्या घरी आशाताईंबरोबर जा आणि का आली नाहीत ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतरही मन या कामात असेल तर टाटासाठी सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरा. तो साधारण हिवाळ्यात निघतो आणि मुदत थोडीच असते. बाकी ठिकाणांच्या तारखा वेगळ्या असतात, त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा.