धायटीला फुलं का येत नाहीत?

तुम्ही विचारलंय की पुण्यात घरामागे धायटी लावून तीन वर्षं झाली, रोज पाणी आणि दर दोन महिन्यांनी शेणखत देता, झुडूप हिरवंगार आहे पण फूल नाही, तर आता कोणतं खत घालू? माझं ऐकाल तर कोणतंच घालू नका. चालू आहे तेही थांबवा.

धायटी पानगळीच्या रानातली, उघड्या डोंगरउतारावरची. रस्त्यासाठी डोंगर कापल्यावर मुरूम उघडा पडतो ना, तिथेसुद्धा ती मजेत वाढते. चार महिने पाऊस आणि मग कोरडं, याची तिला सवय आहे. थंडी सरता सरता पानं झडतात आणि त्या उघड्या फांद्यांवर लाल झुबके धरतात. तिला पाण्याचा ताणच मिळाला नाही तर ती नुसती पानं काढत बसते.

आमच्या बांधावर दोन झुडपं आहेत. एक ठिबकच्या नळीजवळ, ते डोक्याच्या वर गेलंय आणि फुलं जेमतेम चार फांद्यांवर. दुसरं वीस पावलांवर, मुरमात, कमरेएवढंच. फेब्रुवारीत त्याची काडी दिसत नाही इतकं फुलतं आणि सकाळी सातपासून शिंजीर, म्हणजे फुलांतला रस पिणारे चिमुकले पक्षी, त्याला लटकलेले असतात. फूल हातात घेऊन बघा: लाल दिसते ती पाकळी नसून वाकडी नळी असते, पाकळ्या तिच्या तोंडाशी अगदी बारीक. नळी बुडाशी चोखली तर गोड लागते. हीच फुलं वाळवून आसव-अरिष्टात, म्हणजे आयुर्वेदातल्या आंबवलेल्या औषधांत घालतात, आंबवण्यासाठी.

तेव्हा दिवाळीनंतर पाणी बंद करा. दिवसभराचं ऊन हवंच; भिंतीच्या सावलीत असेल तर फुलांची आशा कमी. आणि हिवाळ्यात बाग आवरताना तिच्या फांद्या छाटत असाल तर येणारी फुलंच कापताय. छाटणी फुलं संपल्यावर, पावसाच्या आत.

एकदा पान उलटून बघा. खाली बारीक काळे ठिपके असतील तर नर्सरीवाल्याने धायटीच दिलीय.

सावलीतलं जुनं झुडूप मात्र उन्हात हलवायला उपटू नका, त्यापेक्षा बियांपासून नवं करा. बी धुळीसारखं असतं, मातीत पुरलं तर उगवत नाही. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा, आणि वरून झारी न धरता कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा.