शैली धड्याची बघ

प्रिय मुली,

पत्र दोनदा वाचलं. तिसरीच्या अठ्ठावीस मुलांपुढे तू ‘बघून शिकणारा’, ‘ऐकून शिकणारी’, ‘हाताने शिकणारा’ असं लिहिलंस आणि आता एकाच पाठाची तयारी तीन-तीनदा करत बसतेस. तळमळ कळते गं. पण तो तक्ता फाडून टाक.

असा तक्ता मीही केला होता. एका मुलापुढे ‘हाताने शिकणारा’ लिहिलं आणि वर्षभर त्याला मणी-काड्याच दिल्या, वाचायला बसवलंच नाही. पुढे पाचवीत शाब्दिक उदाहरणावर त्याचं बोट दुसऱ्या शब्दालाच अडलं. हिशेब त्याला येत होता, ओळ वाचता येत नव्हती. तेव्हा मला वाटायचं, मी त्याच्या कलाने घेतोय. हेतू वाईट नव्हता, हे आजही सांगेन. पण त्याचं वर्ष गेलंच ना!

बघणे, ऐकणे, वाचणे, करणे ही चौकट नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी १९९२ मध्ये मांडली. मुलांना आवडीनिवडी असतात, खरंच. पण मुलाच्या शिकण्याच्या शैलीला शिकवण्याची शैली जुळवली की मूल जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शोधूनही सापडला नाही. म्हणून सांगतो, शैली मुलाची नको, धड्याची बघ.

तुझी मुलं बहात्तर ऐकून २७ लिहितात, म्हणालीस. लिहिणारच! ‘ब’ म्हणजे दोन आधी कानावर पडतो, ‘हात्तर’ म्हणजे सत्तर मागून येतो. लिहिताना मात्र सात आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अडचण खोटी नव्हती. इथे कानच फसवतो, मग ‘ऐकून शिकणारी’ला नुसतं ऐकवून काय होणार? तिलाही दहा-दहाचे सात गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या हातात हव्यात. आणि कविता असेल तर तुझ्या त्या ‘हाताने शिकणाऱ्या’लाही ती ऐकावीच लागेल. धडा काय मागतो ते बघ. किती वेळा सांगू?

मुख्याध्यापक तक्ता मागतील. मी घाबरून दिला होता. तू देऊ नकोस, त्यांना वर्गात बोलाव.

सोमवारी बहात्तरच घे. गठ्ठे मुलांनाच बांधू दे, तू आयते नेऊ नकोस. रबरबँड जास्तीचे ठेव, तुटतात. अंक सगळ्यात शेवटी लिहून घे आणि कोण कुठे अडलं ते मला नावानिशी कळव.

— गुरुजी