धरणाच्या जलाशयाचं पाणी ओसरलंय; उघड्या पडलेल्या गाळावरून काठाकाठाने चालत गेलं तर चालेल का?

नको, गाळ वाळलेला दिसला तरी त्यावर पाय टाकू नका. जलाशय भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या वरूनच चाला. वरचा थर उन्हाने कडक होऊन भेगाळतो, पण खाली तोच गाळ लोण्यासारखा मऊ असतो, आणि रुतलेला पाय ओढून काढताना दुसराही आत जातो. ओढा जलाशयाला मिळतो तो कोपरा तर सगळ्यात फसवा: तिथे पाण्याचा वेग एकदम मरतो आणि वाहून आलेली माती तिथेच बसते. कडेचं एखादं ढेकूळ फोडून पाहा, आतून काळपट ओलं निघालं तर मागे फिरा. काठ मुरमाचा किंवा कातळाचा असेल तर मात्र खुशाल खाली जा, फक्त शेवाळलेले दगड टाळा.