क्रमांकामागचे नाव

प्रश्न : भूमध्य समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांच्या मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी इटलीने एक बुडालेली बोट समुद्रतळातून वर काढली, असे वाचले. गेलेली माणसे परत येणार नाहीत. मग तोच पैसा जिवंतांसाठी का वापरू नये?

उत्तर : ज्याचा मृत्यू कागदावर सिद्ध होत नाही, त्याची पत्नी अनेक देशांच्या कायद्यात विधवा ठरत नाही आणि त्याची मुले पोरकी ठरत नाहीत. पुनर्विवाह, वारसा, मुलांचा ताबा, पोरक्या मुलाला परदेशातल्या मावशीकडे वा काकाकडे पाठवणे, सगळे त्या एका दाखल्यापाशी अडून बसते. तेव्हा आपण म्हणता तो पैसा जिवंतांसाठीच खर्च झाला आहे, असे मी मानतो.

आपण वाचलेली बोट 18 एप्रिल 2015 च्या रात्री बुडाली. लिबियाहून निघालेली आणि माणसांनी खच्चून भरलेली ही मासेमारी बोट मदतीला आलेल्या मालवाहू जहाजावर आदळली. वाचले फक्त 28 जण, आणि आत असलेल्यांचे अंदाज आठशेच्या पुढे जातात. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात इटलीच्या नौदलाने ती सुमारे 370 मीटर खोलीवरून वर काढून सिसिलीत आणली. अग्निशमन दलाच्या जवानांनी आत उतरून देह बाहेर काढले, आणि मिलान विद्यापीठातील न्यायवैद्यक तज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ यांच्या पुढाकाराने अनेक विद्यापीठांतील तज्ज्ञांनी एक पैसाही न घेता त्यांची तपासणी केली. मालीहून आलेल्या, चौदाएक वर्षांच्या एका मुलाच्या जाकिटाच्या आत त्यांना काहीतरी शिवलेले लागले. शिवण उसवल्यावर निघाले ते त्याचे शाळेचे प्रगतिपुस्तक, फ्रेंचमधले, गणित आणि भौतिकशास्त्राचे रकाने अजून वाचता येतील असे. परक्या मुलखात आपण शिकलेले आहोत हे दाखवायला त्याने ते बरोबर घेतले असावे. समुद्रातून आलेल्या अशाच आणखी एका मुलाच्या कपड्यांत त्याच्या देशाच्या मातीची पुरचुंडी सापडली होती. हे वाचल्यावर खर्चाचा हिशेब मला मांडवत नाही.

प्रश्न : ओळख पटवणे इतके अवघड का असते? नातेवाइकांना छायाचित्र दाखवून काम होत नाही का?

उत्तर : पाण्यात काही दिवस राहिलेला चेहरा आईलाही ओळखू येत नाही, आणि दु:खात माणूस भलत्याच चेहऱ्याला होकार देऊन बसतो. म्हणून बोटांचे ठसे, दात आणि डीएनए या तीन गोष्टींवर मुख्य भर दिला जातो. जखमेचे व्रण, गोंदण, अंगावरचे कपडे यांचा आधार त्यानंतरचा. हसताना दात दिसतील असे साधे घरगुती छायाचित्रसुद्धा इथे मोलाचे ठरते.

मात्र या कामाला दोन बाजू लागतात. मृतदेहाची माहिती एका देशाच्या शवागारात असते आणि तिच्याशी ताडून पाहायची माहिती दुसऱ्या खंडातल्या घरात. आईवडिलांचे किंवा मुलांचे नमुने मिळाले तर जुळणी भक्कम होते. फक्त एका भावाचा नमुना असेल तर पुष्कळदा शंका उरते. पण त्या आईला व्हिसा मिळत नाही. एरिट्रियासारख्या देशातून पळालेल्या मुलाची चौकशी केली तर आपल्यावरच सरकारची नजर जाईल, ही भीती मागे राहिलेल्यांना असते. निघताना मुलाने खरे नाव सांगितलेले नसते, तो कोणत्या बोटीत चढला हे घरी ठाऊक नसते. 3 ऑक्टोबर 2013 रोजी इटलीच्या लाम्पेदुसा बेटाच्या अगदी किनाऱ्याजवळ 368 माणसे मेली आणि त्यांतली बहुसंख्य एरिट्रियाची होती. त्या वेळी युरोपात राहणारे त्यांचे नातेवाईक पुढे येऊ शकले, म्हणून पुढे काहींची तरी नावे लागली. विज्ञान कमी पडते असे क्वचितच होते. हे दोन कागद एका टेबलावर येत नाहीत, ही खरी अडचण आहे, आणि ती दूर करणे सरकारांच्या हातात आहे.

काही वेळा तर देहच मिळत नाही. 14 जून 2023 रोजी ग्रीसमधील पायलॉसजवळ बुडालेल्या बोटीत सुमारे 750 माणसे होती. 104 पुरुष आणि मुलगे वाचले, एकही स्त्री वाचली नाही आणि हाती आले 82 मृतदेह. बाकीचे सगळे भूमध्य समुद्राच्या अतिशय खोल भागात राहिले. पाकिस्तान, इजिप्त, सीरियातल्या त्या घरांना वाचलेल्यांच्या आठवणींवरच विसंबावे लागते.

प्रश्न : अशा कुटुंबांनी चौकशी कुठे करायची?

उत्तर : आपल्या देशातल्या रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्थेकडे. ताटातूट झालेल्यांचा शोध घेण्याची त्यांची जुनी यंत्रणा आहे, आणि ‘ट्रेस द फेस’ नावाच्या त्यांच्या उपक्रमात हरवलेल्याचे छायाचित्र लावतच नाहीत. शोधणाऱ्याचे लावतात, नाव न देता, आणि खाली फक्त ‘मी माझ्या भावाला शोधत आहे’ एवढे वाक्य. हरवलेला माणूस कुठे लपून राहत असेल तर त्याला धोका होऊ नये, हा त्यामागचा विचार. भावाने ते छायाचित्र पाहिले तर तो आपणहून पुढे येतो.

प्रश्न : दरवर्षी स्मृतिदिन पाळून काय साध्य होते?

उत्तर : इटलीने 2016 मध्ये कायदा करून 3 ऑक्टोबर हा दिवस स्मरणासाठी ठेवला. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो कुटुंबांनी स्वत: धरलेला दिवस, 6 फेब्रुवारी. 2014 मध्ये याच दिवशी मोरोक्कोकडून सेउता या स्पेनच्या ताब्यातल्या शहराकडे पोहत निघालेल्यांवर पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या आणि किमान 14 जण मरण पावले. आज निरनिराळ्या देशांतल्या आया आणि बहिणी त्या तारखेला छायाचित्रे घेऊन जमतात, शोक करतात आणि सत्य सांगा अशी मागणी करतात. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने 2014 पासून ठेवलेल्या नोंदीत भूमध्य समुद्रातल्या मृत व बेपत्ता माणसांची संख्या 30,000 च्या वर गेली आहे. त्या संख्येतल्या एकेकाला परत वेगळे काढून दाखवतात त्या या बायका.

आणि त्याने प्रत्यक्ष काही घडतेही. ट्युनिशियातल्या झारझिस गावातून 21 सप्टेंबर 2022 रोजी निघालेली 18 जणांची बोट बुडाली. किनाऱ्याला लागलेले काही देह ओळख न पटवताच गावाजवळ अनोळखी स्थलांतरितांसाठी असलेल्या दफनभूमीत पुरले गेले. म्हणजे घरचे लोक समुद्रावर शोधत होते आणि मुले त्यांच्याच गावात निनावी पडली होती. कुटुंबांनी हे उघडकीस आणले, थडगी उकरून तपासणी करायला लावली, आणि 18 ऑक्टोबरला सारा गाव संपावर गेला.